कोरड्या टेकडीवरचे चतुर

भिंगमामाचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळकंडीच. पुढे काउंटर आणि आरसा, मागे काचा घासायचं यंत्र. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांची काळजी वाहायची आणि रविवारी सकाळी स्वतःचे डोळे घेऊन टेकडीवर जायचं. गळ्यात कॅमेरा आणि दुर्बीण, खिशात भिंग. म्हणून तो सगळ्यांचा भिंगमामा. सख्ख्या भाच्यांपेक्षा मानलेलेच जास्त.

रविवारच्या त्या फेरीत पाखरंवेडी मंडळीही सोबत असत, आणि तिथे त्याचा एक कायदा होता. फोटो नाही, तर नाव नाही. नुसती शेपटी दिसली, पंख चमकला, म्हणजे अमुकच असणार, असलं मामापुढे चालायचं नाही.

"असणार म्हणजे काय?" तो विचारायचा. "तुमचा नंबरही दोन असणार. घालता का चष्मा, न तपासता?"

आणि एक सवय होती. पाखरू असो, किडा असो, रोप असो, त्याचा फोटो झाला की त्याच्या खालच्या जमिनीचाही एक फोटो. "पाखरू उडून जातं. जमीन राहते," एवढंच तो म्हणायचा. ते मातीचे फोटो कुणी पाहत नसे. खरं सांगायचं तर मामाही पाहत नसे.

टेकडी तशी ओसाड. माथ्यावर पाण्याची मोठी टाकी. खाली एका अंगाला मामाच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर, आणि पलीकडच्या अंगाला नर्सबाईंची वस्ती. नर्सबाई म्हणजे फेरीतलं उत्साहाचं धरण. रात्रपाळी करून आल्या तरी सगळ्यांच्या पुढे.

त्या उन्हाळ्यात टेकडीला बरकत आली. गवत पिवळं पडलेलं, पाऊस होऊन कितीतरी महिने लोटलेले, आणि एका सकाळी वाळल्या काटक्यांवर नारिंगी पंखांचे चतुर बसलेले. या टेकडीवर ते कुणी कधीच पाहिले नव्हते. मामाने फोटो काढला, नाव सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या फेरीत निळी टाचणी सापडली, चतुराची नाजूक धाकटी बहीण. पुन्हा टाळ्या. मग उतारावर लव्हाळ्याचे हिरवे झुपके. मग शेपटी हलवत दुडदुडणारा धोबी पक्षी.

"मामा, टेकडी प्रसन्न झाली तुमच्यावर," नर्सबाई म्हणाल्या. "आता देवमासा तेवढा राहिला."

मामा हसला. त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकांना तो चष्म्याआधी चतुर दाखवत होता.

शनिवारी दुपारी अक्काचा फोन आला. "धाकट्या, मागच्या अंगणात काहीतरी उगवलंय. येऊन नाव सांग. तुझ्या त्या लोकांआधी मला कळू दे एकदा तरी."

अक्काचं घर गल्लीच्या टोकाला. तिथून पुढे नुसता चढ. शेजारचं गोदाम कधीचं बंद. आई गेली तेव्हा मामा पाळण्यातून नुकता उतरला होता. त्याला अंगाखांद्यावर वाढवलं ते अक्कानेच. आता तिचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

मागच्या पायरीच्या फटीत कोवळे नेचे उगवले होते. सुरेख, इवल्या पिसांसारखे. मामा जवळून फोटो घ्यायला पालथा झोपला. फोटो झाला, सवयीने जमिनीचा झाला, आणि उठताना त्याला कळलं की शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापाशी भिजल्यात.

"अक्का, इथे पाणी टाकतेस का?"

"पाणी? मला प्यायला पुरत नाही. आणि हो, मोरीत एक बेडूक आलाय. त्याला घेऊन जा."

अंगणाचा एक मोठा फोटो घ्यावा म्हणून मामाने कॅमेरा डोळ्याला लावला. इथे फोटो सरळ घ्यायचा तर त्याची एक खूण ठरलेली होती. कुंपणाजवळचा विजेचा खांब. खांब चौकटीच्या कडेशी जुळवला की घरही सरळ येई. वर्षानुवर्षं तसंच आलं होतं. त्याने खांब जुळवला. घर कललं. त्याने घर सरळ केलं. खांब कलला.

त्याने कॅमेरा खाली घेतला आणि हात शर्टाला पुसले. हात ओले नव्हते.

पायरीवर बसून त्याने कॅमेऱ्यातले मागच्या सगळ्या फेऱ्यांचे मातीचे फोटो उघडून पाहिले. चतुराखालची माती. टाचणीखालची. लव्हाळ्याखालची. सगळी काळी, ओलसर, लोण्यासारखी. आजूबाजूची टेकडी भाजून निघालेली, आणि टाकीपासून थेट अक्काच्या अंगणापर्यंत हा काळा पट्टा. चतुर, टाचणी, लव्हाळा, धोबी, नेचे, बेडूक. सगळी पाण्याची लेकरं. पाणी वरून दिसत नव्हतं. ते टाकीतून झिरपून टेकडीच्या पोटात साचत होतं. आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

"अक्का, आजच माझ्याकडे राहायला चल."

"का? तुझ्या बायकोनं बोलावलं, की बेडकानं?"

टेकडी खचतेय, त्याने सांगितलं. खांब दाखवला, माती दाखवली. अक्काने चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिले.

"चिखल आहे," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

"मागे म्हणालास, माळ्याला वाळवी लागलीय, घर पडेल. महिनाभर तुझ्या घरी चटईवर झोपले. निघालं काय? लाकडाचा भुसा. सुतार हसून हसून लोळला."

"तेव्हा मी चुकलो."

"मग आताही चुकशील. चुकायचंच तर मी माझ्या पलंगावर झोपून चुकेन."

त्याने पाणीखात्याला फोन केला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. टाकीची पातळी व्यवस्थित आहे म्हणाला, सोमवारी माणूस पाठवतो म्हणाला. मामाने नर्सबाईंना फोन केला, उद्याची फेरी रद्द असल्याचं सर्वांना कळवायला सांगितलं. कारण सांगताना तो अडखळला. तुमच्या बाजूला काही ओल दिसते का, असं विचारलं. "आमच्याकडे खडखडाट आहे, मामा," त्या म्हणाल्या. त्याला बरं वाटलं.

अंधार पडेपर्यंत तो अक्काची विनवणी करत राहिला. शेवटी तिने दिवा मालवला आणि म्हणाली, "झोपायचं तर झोप, नाहीतर घरी जा." तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला. भिंतीला कान लावून. भिंत गप्प होती. बेडूक मात्र नव्हता गप्प.

उजाडताच तो मागे गेला. पायरी आणि घराच्या मध्ये बोट जाईल एवढी फट होती. काल ती नव्हती.

अक्का चहा करत होती. मामा दारात उभा राहिला.

अक्काची एक जुनी तक्रार होती. त्यांची आई शीळ घालायची आणि स्वयंपाकघरामागून एक पाखरू तिला उत्तर द्यायचं. काळं, छातीवर पांढरं. अक्काने ते पाहिलं होतं. मामा तेव्हा तान्हा. गेली कितीतरी वर्षं ती त्याला विचारत होती, तो कोणता पक्षी? आणि गेली कितीतरी वर्षं तो एकच उत्तर देत होता. असे चार पक्षी आहेत, अक्का. फोटो नाही, तर नाव नाही. त्यावरून ती एकदा आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

"अक्का," मामा म्हणाला, "आईचा पक्षी सापडला."

तिचा हात थांबला. "काय?"

"पलीकडच्या मैदानावर. काल येताना दिसला. तोच आहे. शीळ घातली की शीळ देतो."

"फोटो?"

"फोटो नाही." त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं. "पण नाव सांगतो. तिथे चल, मग सांगतो."

जन्मात त्याने चुकीचं नाव दिलं नव्हतं. कुणाच्या पोराला खूश करायलाही नाही. अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने गॅस बंद केला, चहा तसाच ठेवला, आणि चपला शोधू लागली. दाराला कडी घालताना तिने केस सारखे केले. मामाने तोंड फिरवलं.

मैदान हाकेच्या अंतरावर, पण अक्काच्या गुडघ्यांना ते परगाव होतं. तिने एकदाही कुरकुर केली नाही. मधल्या बाकावर तो तिला थांबू देईना.

"पळतोय का तो पक्षी?"

"चल, अक्का."

मैदानाच्या टोकाला, झाडाखाली तो थांबला. तिला कट्ट्यावर बसवलं. अक्काने ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. दात नसल्याने नुसती हवा आली. तिने पुन्हा घातली. या वेळी सूर लागला. दोन चढते, एक उतरता.

काही उत्तर आलं नाही. मामाच्या लक्षात आलं की एकही पाखरू बोलत नव्हतं. टेकडीवरचे कावळेसुद्धा नाहीत.

"कुठाय?" अक्का म्हणाली.

मामाने दुर्बीण तिच्या हातात दिली. "जरा शोध."

ती शोधू लागली. झाडं, तारा, मग टेकडीचा पायथा. दुर्बीण तिथे थांबली.

"धाकट्या."

"काय?"

"मी कडी घातली होती ना?"

"घातलीस. माझ्यादेखत."

"मग दार उघडं कसं?"

मामाने टेकडीकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. दार चौकटीतून सुटून अंगणात वाकलं होतं. मागचा खांब तिथे नव्हता. आवाज त्यानंतर आला. पोतं ओतावं तसा, मग न संपणारा. उतार आपली जागा सोडून सावकाश खाली बसला. घर काही क्षण त्याच्या पुढे उभं होतं. मग मातीच होती.

अक्काने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

"म्हणजे पक्षी नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"खोटारड्या." तिने चाचपडत त्याची बाही पकडली. घट्ट.

मामाच्या खिशात फोन थरथरला. पाणीखात्याला लावायला त्याने तो बाहेर काढला. पडद्यावर नर्सबाईंचा फोटो आला होता, नुकताच, रविवारच्या मंडळींच्या गटावर. त्यांच्या घराच्या दारातल्या दोरीवर बसलेला नारिंगी पंखांचा चतुर. खाली लिहिलेलं, "मामा, फेरी रद्द केलीत तर हा बघा, स्वतःच आमच्याकडे आला! नाव सांगा." आणि त्याखाली एकामागून एक टाळ्या येत होत्या.

मामाने त्यांना फोन लावला. घंटा बराच वेळ वाजली. मग त्यांचा हसरा आवाज आला, "बघितलात?"

"नाव राहू द्या, बाई," मामा म्हणाला. "आधी सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा."