काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं

बैलबाजारात आमचा सौदा रुमालाखाली होतो. भाव बोटांनी सांगायचा. भोवती गर्दी असली तरी तो कळतो फक्त दोघांना. या धंद्यात मी भागीदाराची जनावरं हाकत आलो आणि त्याच्या बरोबरीला बसलो. ते त्याला कधी रुचलं नाही.

जऊळक्याच्या स्टेशनजवळची बंद दालमिल विकायला निघाली, तेव्हा भागीदारी मोडून ती एकट्याने घ्यायचं मी ठरवलं. घरीही बोललो नाही. वाशीमला त्याच्याच ऑफिसात, त्याच्याच वायफायवर मी मिलच्या मशिनी बघायचो. पण मोबाइलवर 'इन्कॉग्निटो'ची गुप्त, काळी खिडकी उघडून. वर ठळक लिहिलेलं होतं, आता तुम्ही खाजगीपणे बघू शकता. मला वाटलं, हातावर रुमाल पडला.

मग भागीदार भांडेनासा झाला. मी शिवी दिली तरी हसायचा. चहा स्वतः पुढे सरकवायचा.

एका दुपारी म्हणाला, "काऊन रे भाऊ, तूर भरडाले कोनती मशीन बरी?"

"मले काय माहीत, दादा? मी बैलं इकतो."

"तू लय अभ्यास करून राह्यला ना, म्हून इचारलं. वायफाय माह्यं हाय. कोनाच्या मोबाइलवर कोनती साइट उघडली, मले दिसते. आन् इकाले काढलेली दालमिल एकच. परवा इसाराचे पैसे देऊन आलो."

"चोरून पाह्यतं व्हय?"

"चोरून कायले? तुह्याच मोबाइलात लिहून हाय. वाच."

वाचलं. ठळक ओळीखाली राखाडी, बारीक अक्षरं: नेटवर्क ज्याचं, त्याला दिसू शकतं. 'खाजगी' मोठ्यानं सांगायचं आणि कोणापासून खाजगी, ते खाली ढकलायचं. दात न दाखवता बैल विकणाऱ्याला आम्ही बाजारात उभं करत नाही.

मिल गेली. देखरेखीला त्याने मलाच बसवलं. म्हणाला, तुले मशिनी समजते. तिथे भिंतीवर आधीच वायफायचा डबा लागला होता.

"सोताचा डाटा कायले जाळतं?" तो म्हणाला.

मशिनी बघत होतो त्याच दिवसांत, त्याच्याच वायफायवर, त्याच काळ्या खिडकीत, भागीदारी मोडून देणाऱ्या एका वकिलाची साइटही मी उघडली होती. तिच्याबद्दल त्याने अजून चकार शब्द काढलेला नाही. चहा मात्र रोज स्वतः आणून देतो.