लिंबाखालचा हात

आमच्या वडिलोपार्जित मळ्यात जुनं काय काय आहे, याची नोंद करायला पुरातत्त्वाची एक तरुण अभ्यासक आली होती. विहिरीचे घडीव चिरे आणि बांधातली खापरं पाहून झाल्यावर ती लिंबाखालच्या दगडापाशी थांबली. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला आहे. आमच्या घरात आलेली प्रत्येक सून त्याला कुंकू लावून अखंड सौभाग्य मागते. थोरल्या काकूनेही मागितलं होतं. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"ही सतीशिळा आहे," ती मुलगी म्हणाली. "नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईची."

आमच्यासोबत आलेली काकू दगडापाशी वाकली. "नाव काय तिचं?"

"कोरलेलं नाही."

मी तिच्या मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. जुन्या वस्तूची माहिती कळली की ती आपल्यापासून जरा दूर जाते, असं मला नेहमी वाटतं.

काकू विहिरीवरून कळशी भरून घेऊन आली. त्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत, तिने सावकाश पाणी ओतलं. कुंकू वाहून गेलं.

"किती भाजली असशील गं," ती दगडाला म्हणाली, आणि पुन्हा पाणी आणायला गेली.