बक्षीस मिळालेला हौद

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून गांडूळखताचा हौद आहे. तो तळमजल्यावरच्या काकूंनी सुरू केला. काकू मूळच्या कोन गावच्या. शेत विकलं गेलं, काका गेले, मग मुलाने त्यांना इथे फ्लॅटमध्ये आणलं. वर्षभर त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. हौद झाला आणि बाई माणसांत आल्या. सगळ्या मजल्यांवरून भाजीची देठं, फळांच्या साली गोळा करायच्या, शेणावर पसरायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं. गोणपाट उचलून आतली वळवळ दाखवताना त्या इतक्या खुलायच्या की मला माझी किळस लपवावी लागे.

पण दर मीटिंगमध्ये कुणीतरी उठायचंच: तो हौद पाडा, चार स्कूटर लागतील. काकूंचा स्वतःचा मुलगाही त्यांच्यातलाच. आपल्या भागात पर्यावरणाचे पुरस्कार देतात, सोसायट्यांनाही आणि दुकानं-कंपन्यांनाही, हे कळल्यावर अर्ज करा म्हणून मीच काकूंच्या मागे लागले. एकदा बक्षीस मिळालं की हौदाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही, असं मला वाटलं.

समिती पाहणीला येणार म्हटल्यावर चेअरमनच्या अंगात आलं. पाहुणे येणार म्हणजे काय करायचं, हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला, वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी पावडर पडली. काकू भाचीच्या हळदीला गावी गेल्या होत्या, मी ऑफिसात होते. हौदाला वास येतोय, असं कुणालातरी वाटलं. मग काय, गोणपाट काढून फेकलं, आत फिनेल ओतलं आणि उरलेली पावडर वरून भुरभुरली.

सकाळी काकू परतल्या त्या हळदीच्याच साडीत थेट हौदाकडे गेल्या. गांडुळं बाहेर पडायच्या धडपडीत कडेशी गोळा होऊन तिथेच मरून पडली होती. काकूंनी बाही वर सारली, पार तळापर्यंत हात घालून चाचपलं.

"येक पन नाय गो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात समिती आली. त्यातल्या एकांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "वा! अजिबात दुर्गंधी नाही."

"मेलीत सगळी. फिनेल घालून मारलीत," मी मोठ्याने म्हणाले.

"मॅडम जरा हळव्या आहेत," चेअरमन हसत म्हणाले आणि पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेले. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

बक्षीस मिळालं. आमच्याआधी पळस्प्याच्या एका हॉटेलवाल्याचा सत्कार झाला, त्याने प्लास्टिकचे स्ट्रॉ बंद केले म्हणून. मग काकूंना वर बोलावलं. शाल, नारळ, फोटो. फोटोत चेअरमन मधोमध आहेत आणि काकू भलतीकडेच बघताहेत.

हौदाला आता कुणी हात लावत नाही. मध्ये पुन्हा रंग दिला, वर बक्षिसाची पाटी लावली. आत कोरडी माती आहे. मीटिंगमध्ये स्कूटरचा विषय निघाला की चेअरमनच सगळ्यांना गप्प करतात. मी हरले नाही खरी, पण जिंकले असंही म्हणवत नाही.

गेल्या महिन्यात मी काकूंना म्हटलं, "नवी गांडुळं आणू या. शेणही मी आणते."

त्यांनी हातातली भाजीची देठं घंटागाडीच्या डब्यात टाकली.

"नको गो बाय," त्या म्हणाल्या. "परत पावने येतील."