आत्यांच्या बंडीची कड

तमाम नागरिक बंधू-भगिनींस, त्यातही आमच्या गल्लीतल्या ज्या भगिनी भाजी निवडताना कान आमच्या भिंतीला लावून बसतात त्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या घरातल्या थोरल्या आणि धाकट्या सुनेमध्ये आजपासून अबोला लागू झाला असून तो पुढील आदेशापर्यंत कायम राहील. दूध, गॅस आणि औषधपाणी या अत्यावश्यक सेवा सुरू राहतील. दोघींच्या नवऱ्यांनी मध्यस्थी करू नये. केल्यास जेवणाची सोय आपापली.

अशी दवंडी इस्लामपुरात कुणी पिटली नाही. गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने माझ्या हातात पातेलं देताना आवाज खाली घेऊन विचारलं, "वैनी, भांडण लय मोठं हाय व्हय?"

धाकटी सून म्हणजे मी. थोरली म्हणजे माझी जाऊ. त्यांना सगळे अक्का म्हणतात. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो, आणि हे सगळं सुरू झालं ते आत्यांवरून.

आत्यांच्या उजव्या छातीत गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून आम्हाला काय ते सांगितलं, आणि घरातल्या पुरुषांनी एकमताने ठरवलं, की म्हातारीला सांगायचं नाही. साधी गाठ आहे, काढली की झालं, एवढंच बोलायचं. अक्कांनी मान डोलावली, मीही डोलावली. ऑपरेशनला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आत्यांचे केस विंचरत होते. त्या माझ्याकडे पाठ करून बसलेल्या. म्हणाल्या, "पोरी, तुला खोटं बोलता येत न्हाई. कानामागं फणी थरथरतीया तुजी. सांग आता." मी सांगितलं. गाठीबरोबर छातीही काढणार आहेत, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अंबाडा स्वतःच बांधला, आणि स्वयंपाकघरात जाऊन अक्कांना म्हणाल्या, "धाकटीनं समदं सांगितलं मला. तू का लपिवलंस गं?"

अक्कांच्या हातातली पळी आमटीत बुडाली. त्यांनी ती काढली नाही. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

अबोला धरायला अक्कल लागते, हे मला तेव्हा कळलं. घर एक, चूल एक, आजारी माणूस एक. बोलायचं तर आहेच, फक्त एकमेकींशी नाही. अक्कांनी त्यासाठी गल्लीतलं तांबडं कुत्रं निवडलं. ते दारात बसलं की त्या त्याला सांगायच्या, "आत्याची गोळी द्यायची ऱ्हायलीया म्हणं, कुणाला तरी आठवंल का?" मी उत्तर घड्याळाला द्यायचे. "दिली मघाशी. डोळे असतील तर रिकामं पाकीट दिसंल." कुत्रं बिचारं दोघींकडे आळीपाळीने बघायचं. काही दिवसांनी त्याने आमचं दार सोडलं आणि समोरच्यांकडे राहायला गेलं. मग अक्का कुकरशी बोलू लागल्या. कुकर निदान शिट्टी तरी देतो.

सांगलीच्या दवाखान्यात आम्ही दोघी आत्यांच्या खाटेच्या दोन बाजूंना बसायचो. एकीने उशी उचलली की दुसरीने पाठ धरायची, न सांगता. नर्सला वाटायचं, या सख्ख्या बहिणी असाव्यात, किती समजून घेतात. आत्या डोळे मिटून पडलेल्या असायच्या. त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी एकदाही "बोला गं" म्हटलं नाही.

घरी आल्यावर खरी अडचण उभी राहिली. आत्या ही बाई आयुष्यभर ओट्यावर बसलेली. सकाळी चहा झाला की पायरीवर बसकण मारायची, ती उन्हं चढेपर्यंत. कोण शाळेला उशिरा निघालं, कुणाच्या उसाला तोड मिळाली, कुणाची सून माहेराहून आली नाही, सगळ्याची हजेरी तिथे. त्या आता आतल्या खोलीत अंगाभोवती चादर लपेटून बसायला लागल्या. ब्लाउज घालता येईना. उजवा हात वर जाईना, घट्ट कापड सोसेना, आणि काखेपासून गळ्यापर्यंतची कातडी कच्च्या जखमेसारखी तांबूस. बाजारातली बनियन डोक्यातून घालावी लागते, तीही नको. कुणी भेटायला आलं, की आतून आवाज यायचा, "झोपलीया म्हणून सांगा." झोपलेलं माणूस इतक्या खणखणीत आवाजात बोलत नाही, हे येणाऱ्याला कळायचं. ते पायरीवरूनच परत जायचे.

एकदा मी त्यांचं अंग पुसत होते. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "उघड्या अंगानं कुणाम्होरं बसू गं? एका बाजूला हाय, एका बाजूला न्हाई." मी फडका पुन्हा पिळला आणि पाठ पुसायला घेतली.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचा गाळा आहे. अक्कांचं साधं मशीन ब्लाउजसाठी. त्यांना शिवण शिकवली ती आत्यांनीच, लग्न होऊन आल्या आल्या. माझं मशीन फ्लॅटलॉक, शाळांच्या टीशर्ट आणि ट्रॅकपँटसाठी. कव्हरस्टिच म्हणतात ते हेच. टीशर्टाची खालची कड उलटून बघा: वरून दोन सरळ टिपा, आतून दोऱ्याची जाळी, आणि कापड ओढलं की टीपही ताणते, तुटत नाही.

अक्कांनी आत्यांसाठी बनियनच्या मऊ कापडाची बंडी शिवली. पुढून उघडी, बाजूला नाड्या, एका बाजूचं काखेचं वर्तुळ मोठं. बेतलेली अशी सुरेख, की माझ्या घड्याळालाही मी तसं सांगितलं. पण साध्या मशीनवर कड दुमडून शिवली, त्यामुळे काठाला दोरीसारखा उंचवटा आला. आत्यांनी ती घातली. थोड्या वेळाने नाड्या सोडल्या आणि चादर ओढून घेतली. गळ्यापाशी लाल वळ उठला होता. अक्कांनी बंडी उचलली आणि गाळ्यात जाऊन बसल्या.

इलाज मला माहीत होता. कड दुमडायचीच नाही. तिच्यावर त्याच कापडाची मऊ पट्टी दोन्ही बाजूंनी बसवायची, सपाट. त्यासाठी फ्लॅटलॉकला जोडायचा फोल्डर मिळतो. मी तो मोबाइलवरून मागवला. तो यायच्या आधी आटपाडीहून फोन आला. आत्यांच्या माहेरच्या बायका, भावजया आणि चुलतबहिणी, जीप करून भेटायला यायच्या होत्या. आत्या आतून ओरडल्या, "येऊ नका म्हणावं! मी झोपलीया!" पण आटपाडीची माणसं कुणाच्या झोपेला भीक घालत नाहीत. "तिला म्हणावं, झोपलेली बगून जातो," असा निरोप आला.

जीप यायच्या आदल्या दिवशी फोल्डर आला. पत्र्याची वळवलेली एक छोटी सुरळी. एका तोंडातून सपाट पट्टी आत घालायची. आतल्या वळणातून जाताना तिच्या दोन्ही कडा मुडपतात आणि दुसऱ्या तोंडातून घडी होऊन ती बाहेर येते. त्या घडीच्या पोटात बंडीची उघडी कड सरकवायची आणि वरून टीप मारायची. सोबत कागद नव्हता. मोबाइलवर चित्रफीत सापडली, त्यात नुसते हात दिसत होते. बाई बोलतच नव्हती. तिचाही कुणाशी तरी अबोला असावा.

मी फोल्डर मशीनच्या पाटावर ठेवला आणि स्क्रू आवळले. मागून आवाज आला. अक्का कात्रीशी बोलत होत्या. "आधीच गच्च आवळतंय कोणतरी. सैल ठिवून सुईच्या रेषेत आणावं, मग आवळावं. पण सांगणार कोण?"

मी स्क्रू सैल केले. फोल्डर सुईपासून लांब राहिला, तर घडी सुईपर्यंत पोचायच्या आत उलगडत होती. फार जवळ नेला, तर मशीनचा पाय त्यावर टकटक आपटत होता. त्याच्या मधली ती एक जागा सापडेपर्यंत माझी मान अवघडली. मग मी घड्याळाला म्हणाले, "पट्ट्या लागतील आता. बंडीच्याच कापडातल्या."

पट्ट्या अक्कांनी कापल्या. मी बघितल्या आणि घामच फुटला. उरेब! ब्लाउजच्या गळ्याला लावतात तशा तिरक्या कापलेल्या. सुती कापडाला उरेब पट्टी हवी, कारण ते सरळ ताणत नाही. बनियनचं कापड मुळातच ताणतं. त्याची पट्टी सरळ आडवी कापायची, नाहीतर ती फोल्डरमध्ये पिळवटते. अक्कांनी सवयीने कापल्या होत्या. बोलत असतो तर मी "अक्का, सरळ!" एवढंच म्हटलं असतं. आता ते मी घड्याळाला समजावून सांगेपर्यंत अर्ध्याहून जास्त कापड गेलं होतं.

अक्कांनी सगळं ऐकलं. उरलेल्या तुकड्यावर खडूची रेघ मारली, सरळ, आणि पट्ट्या कापल्या. कापड पुरलं तर गळा आणि काखा होतील, चुकलं तर बंडी गेली, हे दोघींना कळत होतं. आत आत्या खोकल्या.

जुनी कड कापून टाकली होती. गळ्यापासून सुरुवात केली, डाव्या बाजूने, म्हणजे दुखऱ्या बाजूला जाईपर्यंत हात बसेल. मी मशीनवर बसले. पट्टी गुंडाळी करून लावायला स्टँड नव्हता, म्हणून अक्कांनी ती हातात धरली. त्यांनी धरली म्हणजे ओढून धरली. मनातला सगळा राग त्या दोन बोटांत. पट्टी ताणली की कड आक्रसते. माझ्या डोळ्यांदेखत गळ्याला बारीक बारीक चुण्या पडत होत्या. मी घड्याळाला सांगितलं, पट्टी सैल सोडायची असते. अक्कांनी कात्रीला सांगितलं, शिवणाऱ्याला पायडल हळू मारता येत नाही. मी आणखी जोरात मारलं.

मानेच्या मागे पट्टीची एक कड फोल्डरच्या तोंडातून निसटली. ती आत ढकलायला अक्कांनी बोट पुढे घातलं, सुयांच्या अगदी जवळ.

"अक्का! बोट!" मी किंचाळले.

"मग पाय काढ की पायडलावरनं, भवाने!"

मशीन थांबलं. अक्कांनी बोट बाहेर काढलं, उलटंसुलटं बघितलं. काही झालं नव्हतं. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मोबाइलमधली ती मुकी बाई पुन्हा पुन्हा तीच पट्टी शिवत होती. मी तिला बंद केलं.

अक्का बाकावर बसल्या. "मला इचारावंसं वाटलं न्हाई तुला? तिला सांगायच्या आधी?"

"विचारलं असतं तर तुमी नको म्हटलं असतं."

"म्हटलं असतं." थोडा वेळ त्या कापडाचा दोरा ओढत बसल्या. "तिनं मला इचारलं हुतं. तुझ्या आदी. मी तिच्या डोळ्यात बघून साधी गाठ म्हटलं. सुई धराय जिनं शिकिवलं तिला. आन् मग तू सांगितलंस, आन् मी खोटी पडले."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "अक्का, मी तुमाला खोटं पाडाय न्हाई सांगितलं."

"म्हाईत हाय. गप आता, शिव." त्यांनी पट्टी उचलली. "अशी? का अजून सैल?"

"अजून. आपोआप जाऊ द्या, तुमी नुसती वाट दावा."

पुढची टीप कशी पडली म्हणून सांगू! पट्टी सुरळीतून घडी होऊन येत होती, कापड तिच्या पोटात शिरत होतं, सुईखालचे दातरे दोघांना बरोबर पुढे नेत होते. "थांब," म्हटलं की थांबायचं, "जरा वळीव," म्हटलं की वळवायचं. उजवी काख, जिथे सगळ्यात भीती होती, तिथे कड अशी सपाट बसली, की अक्कांनी ती गालावर घासून बघितली, माझ्याही गालावर घासली. गळ्याचा पहिला अर्धा भाग चुणीचा राहिला. उसवावा म्हटलं, पण नाजूक कापड, सुयांची भोकं पडतील, आणि नवी पट्टी कापायला चिंधीही उरली नव्हती. "दुखऱ्या बाजूला न्हाई ना," अक्का म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. कुणाला कळतंय?"

सकाळी आत्यांना आम्ही दोघींनी मिळून बंडी घातली. त्यांनी नाड्या बांधू दिल्या. उजवा हात हळूहळू थोडा वर नेऊन बघितला. वर लुगड्याचा पदर घेतला. मग भिंतीला धरत, खोलीच्या उंबऱ्यावर जरा थांबून, त्या एकट्याच बाहेर गेल्या आणि ओट्यावर आपल्या जागी बसल्या. आम्ही दोघी दाराआड उभ्या. अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती.

जीप आली. आटपाडीच्या बायका उतरल्या त्या रडायची तयारी करूनच. थोरल्या भावजयीने डोळ्याला पदर लावला होता. पण आत्या ओट्यावर ताठ बसलेल्या बघून तिला रडू कुठून सुरू करावं ते कळेना. पाणी झालं, चहा झाला. सगळ्यांचे डोळे हळूच एकाच बाजूला जात होते आणि परत येत होते. अखेर भावजयीने कसंबसं विचारलं, "वन्सं, कापड सोसतं का गं अंगाला? टोचत न्हाई?"

आत्यांनी तिच्याकडे बघितलं. मग भर गल्लीत, समोरच्या खिडक्या उघड्या असताना, त्यांनी खांद्यावरचा पदर बाजूला केला. भावजयीचा हात धरला, तिचं बोट बंडीच्या गळ्यावर डावीकडे टेकवलं आणि कडेकडेने सावकाश उजवीकडे नेलं. मानेमागे, चुण्या संपून कड सपाट झाली तिथे, थांबल्या. भुवया वर गेल्या. दाराआडच्या आम्हा दोघींकडे वळून बघितलं, आणि चार घरं ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या,

"आगं बया! हितपातूर ह्या दोघी बोलत नव्हत्या, आन् हितनं फुडं बोलाय लागल्या बग!"