चिमणीच्या शेपटीतला शेवटचा चौकोन

आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर काकांच्या पाट्यांवर वाचायला शिकलं. घड्याळजीची पाटी, चष्मेवाल्याची पाटी, दातांच्या डॉक्टरांची पाटी (तिच्यावरचा दात इतका ठणठणीत, की पेशंट ओशाळून तोंड मिटायचे), सगळीकडे काकांचाच ब्रश फिरलेला आणि उजव्या कोपऱ्यात त्यांची झोकदार सही. 'दुरुस्ती' हा शब्द मी घड्याळजीच्या पाटीवरून शिकलो. शाळेनं त्याचं श्रेय उगाच घेऊ नये.

मग काकांचा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं, तर काका म्हणाले, "एवढं लांब नाव पाटीवर मावायचं नाही." सगळे हसले. काकांनी ब्रश धुतले, डब्यात उभे केले आणि पुन्हा बाहेर काढले नाहीत.

अशात ताईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरवलं. काका तिला लहानपणापासून चिमणी म्हणतात, म्हणून दुकानाचं नावही 'चिमणी'. पाटी मात्र काकांच्याच हातची हवी, यावर ती अडून बसली.

"चिमणे, मी आता चिमणी काढली, तर तिला हुडहुडी भरलेली दिसेल."

"दिसू दे. पाटीवाचून माझं दुकान अडलंय."

काकू आतून म्हणाली, "आणि पाटीवाचून हे अडलेत, त्याचं काय?"

ताईनं काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर घातलं. महागड्या सॉफ्टवेअरात चित्राचे चौकोन करून वेडीवाकडी रेघ झाकायचं आयतं बटण असतं म्हणे. यात शोध शोध शोधलं, नव्हतं. काकांनी माउस धरला, तर तोही थरथरला. पडद्यावरची चिमणी खरोखरच कुडकुडत होती. काकांनी गपचूप खुर्ची मागे सारली.

"उठू नका हं," ताई म्हणाली. "हिला नखाएवढी लहान करा. केली? आता परत मोठी करा."

पडद्यावर नुसता धुरळा.

"छान! चिमणी वाफवलीत," काकू म्हणाली.

ताईनं 'कडा गुळगुळीत करा' याच्यापुढची खूण काढून टाकली. "आता पुन्हा. आधी लहान, मग मोठी."

या खेपेला चिमणी आली ती ठसठशीत चौकोनांची. चोच चौकोनी, डोळा चौकोनी. थरथर कुठल्या कुठे गेली होती.

काका उठायचं विसरले. शेपटीतला एकेक चौकोन ओढून ते दूर नेऊन ठेवू लागले. हात हलला तरी चौकोन आपला पडद्यावरच्या आखीव जाळीला चिकटून सरळ बसायचा. काही पुसले, काही विरळ केले, आणि चिमणीची शेपटी वाऱ्यावर सुटल्यासारखी दिसू लागली. एक चुकला, तर ताईनं बटण दाबून मागे घेतला.

"असं मागे घेता येतं? अगं, मी जन्मभर रॉकेलचा बोळा घेऊन पुसत बसलो!"

सगळं झाल्यावर ताईनं हळूच विचारलं, "आणि सही?"

काकांनी एकदा हाताकडे बघितलं. मग शेपटीतला शेवटचा चौकोन त्यांनी धरला आणि ओढत ओढत पार उजव्या कोपऱ्यात नेऊन सोडला. "झाली," म्हणाले.

पाटी छापून आली, दुकानावर चढली. आम्ही सगळे समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघत होतो. मला तर त्या गरीब सॉफ्टवेअरला कुठे जाऊन धन्यवाद द्यावेत, तेच कळेना. तेवढ्यात आमचा चष्मेवाला ओला फडका घेऊन मदतीला धावला. स्टुलावर चढून कोपरा घासू लागला.

"ताई, रंगाचा थेंब उडालाय इथं!"

"हात लावू नका!" ताई ओरडली. "सही आहे ती काकांची!"

काकांनी डोळे पुसले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, चष्मा बदला!"