तीनशे एकोणीस रुपयांचा पंप

मंगरूळपीरच्या बाजारात एक किराणा दुकान आहे. त्या दुकानातल्या काकू नसत्या, तर मी आज या जिल्ह्यात पार्सल वाटत फिरत नसतो. त्यांनी मला बसवून घेतलं, माझ्या वतीनं भांडल्या, आणि एक संध्याकाळ माझ्यासाठी उपाशी राहिल्या. काय झालं ते पुढे सांगतोच. पण लोकांना घडलेलं लक्षात राहतं आणि माणूस राहत नाही, म्हणून काकूंचं आधी लिहिलं. नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलंय.

मी मूळचा राजापूरकडचा. शाळा सातवीत सोडली. घरची अडचण वगैरे काही नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू. इंग्रजीच्या तासाला उभं केलं की माझं तोंड बंद पडायचं, आणि एक दिवस मी दप्तर घेऊन निघालो तो शाळेत पोचलोच नाही. पुढे बरीच वर्षं मिळेल ते काम केलं. मग मोठ्या हमरस्त्याचं काम निघालं तेव्हा गावच्या एका मुकादमाबरोबर इकडे आलो. रस्ता झाला, मुकादम गेला, मी राहिलो. मंगरूळपीरला पार्सलच्या ऑफिसात माणूस हवा होता. गाडी चालवता येते का, एवढंच त्यांनी विचारलं. आसेगाव आणि आजूबाजूची गावं मला मिळाली.

माझं बोलणं ऐकून पहिले सहा महिने लोक हसायचे. मी ‘मला’ म्हणालो की कोणीतरी ‘मले’ म्हणून दुरुस्त करायचं. पण माणसं चांगली. उन्हाचा आलेला बघून पाणी आधी देतील, पार्सल मग विचारतील. मी त्यांना आपला वाटावा म्हणून जिवाचा आटापिटा करायचो. कोणी काही विचारलं आणि मला ठाऊक नसलं, तरी ‘नाही’ म्हणायला जीभ वळायची नाही. माझ्या चुकीचं मूळ तिथेच आहे.

दुसरी एक सवय मला आणि गावाला मिळूनच लागली. ऑर्डर टाकताना मोबाइल नंबर विचारतात ना, तिथे आसेगावातली अर्धी माणसं माझा नंबर द्यायची. कोणाच्या शेतात रेंज नाही, कोणाचा रिचार्ज संपलेला, कोणाचा फोन लेकीबरोबर वाशीमला. “तूच आणून देतं ना शेवटी, मंग मेसेज बी तुह्याच घरी येऊ दे,” असं त्यांचं म्हणणं. मलाही बरं वाटायचं. विश्वास आहे म्हणूनच देतात ना. दिवसाला पन्नास-साठ मेसेज यायचे, सगळे इंग्रजीत. मी माझा एक नियम काढला होता. मेसेजच्या सुरुवातीला सुटे सहा आकडे दिसले की तो कामाचा, कारण ते आकडे टाकल्याशिवाय पार्सल सुटत नाही. आकडे नसले की जाहिरात. दीड वर्ष या नियमानं मला कधी फसवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सोयाबीन गुडघ्याला आलं होतं आणि फवारणी तोंडावर होती. गावाच्या ग्रुपवर शेतीची अवजारं विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाची लिंक आली. बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, किंमत तीनशे एकोणीस. बाजारात तो तीन हजाराच्या पुढे मिळतो. चहाच्या हॉटेलात गर्दी झाली. मी पार्सलं उतरवत होतो, तर एका दादांनी मलाच हाक मारली. बारा एकराचे शेतकरी, आवाज असा की पलीकडच्या गावाला ऐकू जावा.

“काय रे कोकण्या, खरं हाय का हे?”

मला काय माहीत? पण तोंडातून निघालं, “खरंच दिसतंय दादा. टाका ऑर्डर. पैसे पंप आल्यावरच द्यायचेत.”

हॉटेलवाल्याच्या फोनवरून एकामागून एक चौदा ऑर्डरी गेल्या. नावं चौदा, नंबर एकच. माझा. गर्दीच्या कडेला एक आजी दळणाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्या तेवढ्या म्हणाल्या, “तीनशेत पंप? तीनशेत तं त्याचा पट्टा बी येत नाई, बापा.” कोणी लक्ष दिलं नाही.

चार दिवस गेले, आठ गेले. मी गावात शिरलो की पहिला प्रश्न पंपाचा. माझ्या यादीत पंप नसायचे. मी म्हणायचो, “दोन दिवसांत येतात.” परत गेलो की परत तेच. पाऊस उघडला, अळी पडायला लागली, आणि माझ्या शब्दावर विसंबून चौदा घरांनी ना पंप विकत घेतला ना भाड्यानं आणला.

बाराव्या दिवशी मी हॉटेलपाशी गाडी लावली तर कोणी पाणी विचारलं नाही. दादा उठून माझ्यासमोर आले.

“परवा तुह्या गाडीवर पंपाचे दोन खोके व्हते. मी सोता पाह्यले फाट्यावर.”

“ते दुसऱ्या गावचे होते दादा. दुसऱ्या कंपनीचे.”

“अन् आमचे कोठी गेले? तीनशेत आलेला पंप तीन हजाराले इकाले कोणाले नाई आवडत!”

“कायले त्याच्या तोंडी लागता,” मागून कोणीतरी बोललं, “परगावचा माणूस. उद्या गाडीले किक मारून जाईन निघून.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण शाळेत उभं केल्यावर व्हायचं तसंच झालं, तोंड बंद. गप्प राहिलेला माणूस चोरच दिसतो. संध्याकाळपर्यंत दादांनी आमच्या ऑफिसात फोन केलेला होता. साहेबांनी मला खुर्चीही दिली नाही. “परवापर्यंत गावाकडून लिहून आण, की आमची तक्रार नाही. नाहीतर रूट दुसऱ्याला देतो. चोरीचं नाव लागलेला माणूस मला नको.”

चोरीचं नाव. ते घेऊन गावी गेलो असतो, तर आई काही बोलली नसती, आणि ते जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी मला कामावर घेतलंच नाही. दुपार सरता सरता मी काकूंच्या दुकानात गेलो. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. खोली सोडतो, एवढंच सांगायचं होतं. काकू साठीच्या, जैन घरातल्या, काका गेल्यापासून मुलाबरोबर दुकान बघतात. माझ्याकडे न पाहता तूरडाळ जोखत म्हणाल्या, “सोडून कोठी जातं? अन् काहून?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सहा आकड्यांच्या नियमासकट. तेव्हा त्यांनी तराजू खाली ठेवला.

“म्हंजे बाकीचे मेसेज तू वाचतच नाई?”

“जाहिराती असतात त्या.”

“आण तो फोन इकडे.”

काकू जुन्या मॅट्रिक. चष्मा लावून त्या गल्ल्यामागे बसल्या आणि मागे मागे जात मेसेज काढू लागल्या. शेकडो होते. पाऊण तासानं पहिला सापडला. बोट ठेवून त्यांनी मला शब्द न् शब्द सांगितला: किंमत चुकीची दिसली होती, म्हणून तुमची ऑर्डर रद्द करत आहोत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तारीख ऑर्डर टाकल्याच्या तिसऱ्या दिवसाची. तिसऱ्या दिवसापासून खरं माझ्या खिशात होतं आणि मी गावभर ‘येतात, येतात’ म्हणत फिरलो होतो.

काकूंचा मुलगा गोदामातून आला. “आई, ज्या पार्सलांच्या पायी आपलं गिऱ्हाईक तुटलं, त्याच पार्सलवाल्याचं काम करून राह्यली तू?”

“पार्सलाचं नाई, या पोराचं करून राह्यली. तू गिऱ्हाईक पाह्य.”

त्यांनी चौदाही मेसेज शोधले. प्रत्येकाखाली कोणाचं नाव, कुठली तारीख, मराठीत काय अर्थ, हे बिलबुकाच्या कोऱ्या पानांवर माझ्याकडून लिहून घेतलं. मी म्हटलं, आता एवढं पुरे. त्या म्हणाल्या, “पुरे कसं? मेसेज तं कोणी बी दाखवते. माल निंघालाच नाई, असं त्याहीच्या तोंडून पाह्यजे.” आणि त्या ऑनलाइन दुकानाच्या नंबरवर फोन लावला. गाणं वाजायचं, फोन कटायचा. त्या परत लावायच्या. मला वाटलं कंटाळतील. सातव्या वेळी एका मुलीनं उचलला.

“बेटी, आपने रेट बोला, लोगों ने माल मांगा, फिर ना कैसे बोलते?” काकूंची हिंदी दुकानातलीच. “हमारे दुकान में भाव गलत बोला गया, तो उस गिऱ्हाईक को उसी भाव में देते. नुकसान हमारा. जबान हमारी थी ना?”

पलीकडची मुलगी वाचून दाखवल्यासारखं बोलत होती, की नियमात तसं लिहिलेलं आहे, चुकीच्या किमतीची ऑर्डर कंपनी रद्द करू शकते.

“अच्छा, पंप मत दो. लेकिन लिख के दो, की चौदह में से एक भी पंप तुम्हारे यहां से निकला नहीं. एक आदमी पे चोरी का इल्जाम है. तुम्हारी गलती वो क्यों भुगते?”

मग तिच्या आवाजात फरक पडला. ऑर्डरींचे नंबर एकेक करून सांगा म्हणाली. काकू वाचत होत्या, मी पुढचा मेसेज उघडून धरत होतो. चौदा लांबलचक नंबर, मध्येच आवाज तुटायचा, परत सांगायचे. फोन ठेवला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

चातुर्मास होता. काकू सूर्य मावळायच्या आत जेवतात, नंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. सून दोनदा बोलवून गेली होती, ते मी पाहिलं होतं आणि मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. मुलगा रागानं बोलला, “झालं? आता सकाळपर्यंत बस कोरडी.” काकू चष्मा पुसत म्हणाल्या, “एका दिवसानं काई मरत नाई मी. तू जेव रे, कोकण्या.” मला तो घास गिळवेना. गिळला, कारण त्या समोर बसून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाच्याच मेलवर कंपनीचं हिंदीतलं पत्र आलं, की चौदातला एकही पंप निघालाच नाही. त्यानंच प्रिंट काढून आणली. कागद माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही, पण घडी नीट करून दिली.

आसेगावला मी एकटाच गेलो. काकू येते म्हणाल्या होत्या, मीच नको म्हटलं. तोंड माझं बंद पडलं होतं, ते उघडायचंही मलाच होतं. हॉटेलसमोर उभा राहिलो आणि बसा म्हणायची वाट न बघता पत्र वाचलं. मग बिलबुकाची पानं. एकेकाचं नाव घेऊन, तारीख सांगून, मेसेज दाखवून. पाचव्या नावापर्यंत कुजबुज चालू होती, नवव्याला थांबली. चौदावे दादाच होते.

ते संपल्यावर जे बोलायचं नव्हतं तेही बोललो. “चोरी मी केली नाही. पण चूक माझी आहे. मेसेज तिसऱ्या दिवशी आले होते. मला इंग्रजी वाचता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटली. म्हणून तुम्हाला येतात, येतात म्हणत राहिलो.”

दादांनी पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाले, “वाचता येत नाई तं सांगाचं ना बे! आमी कोठी मोठे बालिस्टर हाओत? तुह्या भरोशावर माह्या दोन एकरातलं पीक अळीनं चाळणी केलं. चोर नाई तू. पण तुले माफ बी नाई करत मी आजच्या रोजी.”

“नका करू,” मी म्हणालो. “तक्रार नाही एवढं लिहून द्या.”

तेव्हा त्या आजी बोलल्या. “मी तं पयल्या दिवशीच म्हणून राह्यली व्हती, तीनशेत पंप नाई येत. माह्या बोलण्याची पावती फाडली का कोणी?” एक जण हसला, मग बरेच हसले. दादांनी पेन मागितला. पहिली सही त्यांचीच, शेवटची हॉटेलवाल्याची. पाणी त्या दिवशीही कोणी विचारलं नाही. त्याला अजून महिना लागला.

रूट राहिला. आता मी कोणालाही माझा नंबर देऊ देत नाही, आणि आलेला प्रत्येक मेसेज वाचतो. दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा काकू बिस्किटांच्या, साबणाच्या खोक्यांवरचं इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतात. अडलो की म्हणतात, “घाबरून कायले राह्यला, खोकं चावते का?”

काकूंना आयुष्यात एकदा शिखरजीला, जैनांच्या त्या डोंगरावरच्या तीर्थाला, जायचंय. मुलाला दुकान सुटत नाही, गुडघे चढ चढू देत नाहीत, आणि डोलीत बसायला त्या तयार नाहीत. म्हणतात, गेली तं पायानं जाईन. मी त्यांना अजून काही बोललेलो नाही, कारण बोललो की ‘पयले दहावी पास हो’ म्हणतील. इथे लिहून ठेवतो. मी डोंगरातच वाढलोय. काकू, तिकिटं मी काढीन, दर दहा पावलांवर थांबायला लागलं तरी थांबीन, आणि तुमच्या पायानं तुम्हाला वर नेऊन परत दुकानाच्या दारात आणून सोडीन.