आजच्यापुरतं घेते

कॅनचं झाकण पुरतं उघडायच्या आत मावशींचं नाक आत गेलेलं असायचं. डोळे मिटलेले, पदर कमरेला खोचलेला आणि एक हात वर, समोरच्याला थोपवायला. "थांबा. आदी नाकाला इचारू द्या." नाकानं होकार दिला तरी चेहऱ्यावर समाधान नाही. "आजच्यापुरतं घेते," म्हणायच्या, "उंद्याचं उंद्या बघू." कुणाच्या दुधाला त्यांनी तोंड भरून चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. अभिषेकाला नेलेलं दूधसुद्धा बाईंनी आधी हुंगलं असतं.

तेलगावजवळ आमच्या सहकारी दूध संस्थेचं संकलन केंद्र होतं. मी तिथं कारकून आणि मावशी दूध तपासून घेणाऱ्या. लहानथोर सगळ्यांच्या त्या मावशीच. फॅट मोजायचं यंत्र होतं, ते त्या वापरायच्या, पण नाखुशीनं. "यंत्र बटनावर बोलतंय. आन् बटन कुणाच्या बी बोटाला ऐकतंय."

तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याला शिळं काही खपत नाही आणि ताज्यावर भरवसा नाही. आमच्या मावशींनी एकदा चेअरमनच्या घरचा कॅन मागं सरकवला. चेअरमन स्वतः आले. म्हणाले, "मावशी, मी चेअरमन हाय."

"तुमी हाव की. दूध न्हाई."

साहेब हसले, पण कॅन उचलून मुकाट घरी गेले.

त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. जनावरं छावणीत उसाचे तुकडे चघळत उभी. दूध आटलं, आणि जे आटत नव्हतं त्यावर मावशींचा जास्तच डोळा. पातळ दूध दिसलं की आणणाऱ्याला अगदी गोडीनं विचारायच्या, "काल टँकर आल्ता वाटतं तुमच्या गल्लीत?" सख्ख्या भावालाही त्यांनी सोडलं नाही. तो त्या वर्षी राखी बांधून घ्यायला आला नाही. मावशी म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. पाणी त्याच्या दुधात व्हतं, माझ्या डोळ्यांत न्हाई." पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

अशा बाईच्या ताब्यातल्या फ्रिजमध्ये मला माझ्या लेकीचं दूध ठेवायचं होतं.

लेक माझी जन्मतः किरकोळ. अंगावर पिताना लवकर दमायची, पोट भरायच्या आत झोपून जायची. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ अन् रात्री अंगावर पाज. दिवसा तू कामावर असशील तर तुझंच दूध काढून ठेव, वाटी-चमच्यानं पाजू दे घरच्यांना. वजन वाढलंच पाहिजे हिचं." नोकरी सोडता येत नव्हती. शेतात धूळ होती, नवरा छावणीत जनावरांपाशी, आणि घर माझ्या पगारावर. म्हणून नवऱ्यानं हातानं दाबायचा एक पंप आणला.

सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "यंत्रानं काढून पाजायचं? लेकरू हाय का डेअरी हाय?" पण झाकणाचा स्टीलचा डबा उकळून, फडक्यात बांधून रोज सकाळी त्यांनीच माझ्या हातात दिला.

केंद्रात मागं पेंडीच्या पोत्यांची खोली होती. दुपारी मी तिथं आडोशाला बसून दूध काढायची. मावशी दाराशी स्टूल टाकून बसायच्या. आधी म्हणाल्या, "बाईला बी मशीन लावलं! काय दिस आलेत." पण कुणी मला विचारत आलं की सरळ खोटं सांगायच्या, "म्याडम पेंड मोजायल्यात. मदी जायचं न्हाई." आमच्या संस्थेत इतकी पेंड कधी नव्हतीच.

घरी वीज असून नसल्यासारखी. केंद्रात जनरेटर, म्हणून तिथला फ्रिज पक्का. त्यात जनावरांच्या लसी असायच्या, वरचा कप्पा मावशींनी माझ्या डब्यासाठी रिकामा केला. किल्ली त्यांच्याच कमरेला. सकाळी नवरा मला सोडायला आणि छावणीचं दूध घालायला यायचा, तेव्हा कालचा डबा बर्फात घालून घरी न्यायचा.

आठवडाभरातच सासूबाई म्हणायला लागल्या, "पोरगी तोंड फिरवती गं. तू पाजलं की पिती, डब्यातलं थुकून टाकती." सिस्टरांच्या काट्यावर वजन हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी डबा फ्रिजमधून काढला. नवऱ्याच्या हातात द्यायच्या आधी सवयीनं झाकण उचललं आणि नाक आत घातलं. पहिल्यांदाच. आईचं दूध म्हणून आजवर त्यांनी नाक आवरलं असावं. नाक बाहेर आलं तेव्हा चेहरा बदललेला. त्या तडक बाहेर गेल्या आणि डबा मोरीत पालथा केला.

मी किंचाळलेच. "मावशी! काय केलंत हे? लेकीच्या तोंडचं होतं ते!"

त्यांनी मला पेंडीच्या खोलीत ओढलं. "साबन हाय त्यात. धुन्याची पावडर टाकून दूध बनवनारे म्या धरलेत, हे नाक चुकायचं न्हाई. डबा कोन धुतं?"

"सासूबाई."

मावशी हळूच म्हणाल्या, "पैलीच पोरगी हाय तुला. आपल्याकडं पोरगी समद्यांनाच पायजे आसती आसं न्हाई, बाई. म्या बघितलंय. घरी बोलू नको. म्या धरते."

मला त्यांचा असा राग आला! माझी सासू तोंडानं फटकळ, पण नातीला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. आणि तरी त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी काय करत होते? सासूबाई वाटी घासत होत्या आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होते. संशय म्हणजे ओल्या भिंतीची बुरशी, एकदा धरली की पसरतच जाते. त्या दिवशी दुपारी पोरीला म्हशीचं दूध पाणी घालून पाजावं लागलं होतं आणि तिनं ते सगळं ओकून टाकलं होतं.

आता मावशींनी काय केलं ऐका. संस्थेत दुधावरून भांडण झालं की नमुना लाख लावून बंद करायची रीत होती, मागाहून कुणी हात लावू नये म्हणून. मावशींनी घरचा डबा बाजूला ठेवला. आपल्या घरचा नवा डबा आणला, साबण न लावता नुसता उकळला, माझ्याकडून त्यात दूध घेतलं, हुंगलं. "आता झ्याक हाय." मग झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख. माझ्या अंगच्या दुधाला तक्रारीच्या नमुन्याचं सील! फ्रिजला कुलूप आणि किल्ली कमरेला.

सकाळी लाख शाबूत होती. मावशींनी ती फोडली, झाकण उचललं, हुंगलं.

तोच साबण.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. डब्याला आम्हा दोघींशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. मावशींनी पुन्हा हुंगलं आणि त्या पोत्यावर बसल्या. बाहेर कॅन घेऊन माणसं उभी, "मावशी, घेताव ना?" म्हणून हाका मारत होती. त्या उठल्या नाहीत.

"म्हातारीनं काईच केलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग ह्यो वास कावून?"

आम्ही दोघी सिस्टरांकडे गेलो. त्या हसल्या. काही बायांचं दूध गार ठेवलं की त्यातली चरबी मोडते आणि साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं, पण एखाद्या लेकराला ती चव नको वाटते. काढल्या काढल्या मंद आचेवर धरायचं, कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, लगेच गार करून ठेवायचं.

मावशींचा सिस्टरवर तरी कुठं भरवसा! केंद्रावर आल्या आल्या त्यांनी दोन डबे केले, एक गरम करून आणि एक तसाच. दोन्हींना लाख. सकाळी दोन्ही हुंगले. गरम केलेल्याला वास नव्हता. तो डबा त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. मी संध्याकाळी निघाले तेव्हा म्हणाल्या, "लेकराच्या तोंडचं म्या मोरीत सांडलं गं." त्यांचे डोळे भरले होते. माझा राग तिथंच विरघळला.

दुसऱ्या दिवशी मी गाडीवरून उतरायच्या आतच त्यांनी विचारलं, "प्याली का?"

"प्याली. वाटी चाटून पुसून."

"उंद्या बी इचारीन," त्या म्हणाल्या, आणि खरंच रोज विचारत राहिल्या. महिन्याभरात काटा हलला. सिस्टरांनी पोरीच्या मांडीला चिमटा काढून दाखवला, धरायला मांस होतं.

मग एका रविवारी मावशी आमच्या घरी आल्या. अळिवाच्या लाडवांचा डबा आणला आणि मला ओलांडून सरळ सासूबाईंच्या हातात दिला. "तुमच्यासाठी केलेत. तुमीच खायचे." चहा न घेताच गेल्या. सासूबाई चक्रावल्या. "बाळंतीन तू, आन् लाडू मला कावून? काय मतलब हाय हिचा?" त्यांनी एक लाडू फोडला आणि खायच्या आधी हुंगला. मला हसू आवरेना. का हसते ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात केंद्र बंद पडलं. जनावरं बाजारात गेली, कॅन येणार कुठून? मावशी नांदूरघाटला लेकीकडे राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथंच वारल्या. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. खूप रडले. आजही पिशवीतलं दूध पातेल्यात ओतताना माझं नाक आपोआप पुढं जातं.

केंद्राच्या शेवटच्या दिवशी मी लेकीला कडेवर घेऊन गेले होते. धुतलेले कॅन पालथे घातलेले. मावशींनी फ्रिजची किल्ली कमरेची सोडून माझ्या हातात दिली आणि पोरीला घेतलं. पोरीनं पहिल्याच झटक्याला त्यांचं नाक धरलं. "सोड गं, हेच तर हाय माज्याकडं," म्हणत त्यांनी ते सोडवून घेतलं, आणि डोळे मिटून तिच्या टाळूवर टेकवलं.

मी चिडवलं, "काय म्हणतंय नाक? आजच्यापुरतं घेता का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "हिचं उंद्या बघायचं काम न्हाई."

आणि बराच वेळ त्यांनी नाक उचललं नाही.